टीका, प्रयोग आणि पुनरुक्ती : 'आयर्न मेडन'ची पन्नास वर्षे

१

मराठीत 'टीका' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक अर्थ जुना आहे : मूळ ग्रंथाच्या आधाराने, त्याच्या पदापदाला बिलगून केलेले विवरण. दुसरा अर्वाचीन आहे : वाङ्मयकृतीचे परीक्षण व मूल्यमापन. अर्वाचीन समीक्षाविचाराने पहिला अर्थ बहुधा गौण ठरविला. जो विवरण करतो तो परोपजीवी, जो निर्मितो तो स्वयंभू, अशी ही विभागणी आहे. वास्तविक आपल्या वाङ्मयपरंपरेचा अनुभव नेमका याच्या उलट आहे. गीतेच्या सातशे श्लोकांवरील ज्ञानेश्वरांची 'भावार्थदीपिका' ही टीका आहे, आणि सुमारे नऊ हजार ओव्यांची ती टीकाच मराठी कवितेच्या आरंभीचे शिखर ठरली आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधाच्या बाबतीत हीच वाट धरली. टीका ही मूळ कृतीच्या सावलीत उभी राहूनही स्वतंत्र कृती होऊ शकते, हे सिद्ध करण्यासाठी आपल्याला देरिदापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही.

हा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित करण्याचे निमित्त मात्र परंपरेबाहेरचे आहे. 'आयर्न मेडन' हा हेवी मेटल संगीताचा इंग्लिश बँड १९७५ साली पूर्व लंडनमधील लेटन या भागात स्टीव्ह हॅरिस या बेस-गिटारवादकाने स्थापन केला. २०२१ पर्यंत त्याच्या सतरा स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या, आणि २०२५ साली स्थापनेच्या पन्नाशीचा जगप्रवास त्याने सुरू केला. या कारकिर्दीतील बऱ्याच गीतांच्या मुळाशी आधीची एखादी साहित्यकृती आहे. कोलरिज, टेनिसन, पो, हक्स्ली, गोल्डिंग, अॅलन सिलिटो ही नावे त्या संदर्भात सहज आठवतात. अशा गीतांकडे 'अभिजात साहित्याचा लोकप्रिय वापर' एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. चाहत्यांना त्यात आपल्या आवडीला मिळालेली प्रतिष्ठा दिसते, तर अभ्यासकांना मूळ कृतीचे सुलभीकरण. दोन्ही भूमिकांत गृहीतक एकच आहे : मूल्य मूळ कृतीत असते आणि गीत ते उसने घेते.

अडोर्नोने १९४१ साली लोकप्रिय संगीतावरील आपल्या निबंधात प्रमाणीकरणाचा सिद्धान्त मांडला. लोकप्रिय गीताचा साचा आधीच ठरलेला असतो, तपशिलातील फरक हा वैविध्याचा आभास असतो, आणि श्रोत्याच्या वतीने गीतच ऐकण्याचे काम उरकून टाकते, असे त्याचे प्रतिपादन होते. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. पन्नास वर्षे त्याच प्रकारचे संगीत करणाऱ्या बँडबाबत तर तो अधिकच टोकदार होतो. म्हणून प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. या बँडची साहित्याधारित गीते कोणत्या अर्थाने 'टीका' आहेत? आणि प्रदीर्घ पुनरुक्तीत त्या टीकेचे काय होते?

२

प्रथम कर्तृत्वाचा प्रश्न. साठच्या दशकाच्या अखेरीस बार्थ आणि फुको यांनी 'लेखक' या संकल्पनेची जी उलटतपासणी केली तिच्यामुळे लेखक म्हणजे हाडामांसाची व्यक्ती नव्हे, संहितांना एकत्र बांधणारे ते एक कार्य आहे, हा विचार आता रुळला आहे. साहित्यात त्याची प्रचीती सहज येत नाही, कारण मुखपृष्ठावर एका व्यक्तीचे नाव असते. दीर्घायुषी बँडच्या बाबतीत मात्र ती उघडपणे येते.

'आयर्न मेडन'च्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांत (१९८० व १९८१) गायक होता पॉल डिआनो. १९८१ मध्ये ब्रूस डिकिन्सन त्याच्या जागी आला. १९८२ च्या अखेरीस ढोलवादक बदलला आणि क्लाइव्ह बरच्या जागी निको मॅकब्रेन आला. १९९० मध्ये गिटारवादक एड्रियन स्मिथ गेला व जानिक गर्स आला. १९९३ मध्ये डिकिन्सनही बाहेर पडला, आणि ब्लेझ बेलीच्या आवाजात १९९५ व १९९८ च्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परतले. गर्स मात्र गेला नाही. तेव्हापासून या बँडमध्ये तीन गिटारी आहेत. २०२४ च्या डिसेंबरात मॅकब्रेनने प्रवासी कार्यक्रमांतून निवृत्ती घेतली. सर्व ध्वनिमुद्रिकांत उपस्थित असलेले वादक दोनच, हॅरिस आणि डेव्ह मरे. तरीही श्रोत्याच्या दृष्टीने कर्ता एकच आहे, आणि त्याचे नाव आहे 'आयर्न मेडन'.

हे नाव एका दंतकथात्मक यातनायंत्राचे आहे. चित्रकार डेरेक रिग्ज याने घडविलेला 'एडी' हा प्रेतसदृश प्राणी प्रत्येक मुखपृष्ठावर नव्या वेषात येतो. गायक बदलला तरी मुखपृष्ठावरील चेहरा तोच राहिला. फुकोला अभिप्रेत असलेल्या लेखक-कार्याला येथे जणू शरीरच मिळाले आहे.

कर्तृत्वाची कायदेशीर बाजूही उद्बोधक आहे. १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' या ध्वनिमुद्रिकेत डिकिन्सनला, आधीच्या बँडशी असलेल्या करारामुळे, गीतकार म्हणून नाव लावता आले नाही. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'मध्ये त्याचे एकही गीत नाही, कारण त्याने सुचविलेली मृदू, ध्वनिवर्धकाविना वाजवावयाची गीते स्वीकारली गेली नाहीत. म्हणजे नाव नसताना सहभाग असू शकतो, आणि आवाज सर्वत्र असताना शब्द एकही नसू शकतो. 'कवीचे मनोगत' शोधण्याच्या समीक्षेला येथे हातात काही धरता येत नाही. शब्द एकाचे, आवाज दुसऱ्याचा, चेहरा तिसऱ्याने काढलेला, असे हे कर्तृत्व आहे. शाहिरी फडात किंवा संगीत नाटकमंडळीत असे संमिश्र कर्तृत्व आपण पाहिले आहे. परंतु तेथेही आपली समीक्षा पुन्हा पुन्हा पदकर्त्याकडे किंवा नाटककाराकडे वळते, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवावी.

३

या बँडच्या साहित्याधारित गीतांतील सर्वांत महत्त्वाकांक्षी गीत म्हणजे १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' या ध्वनिमुद्रिकेतील अखेरचे, पावणेचौदा मिनिटांचे 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. कर्ता हॅरिस. मूळ कविता आपल्याकडील इंग्रजी विभागांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली आहे, त्यामुळे कथानक सांगत बसण्याची आवश्यकता नाही. लक्ष वेधावयाचे आहे ते एका तपशिलाकडे.

कोलरिजची कविता प्रथम १७९८ मध्ये 'लिरिकल बॅलड्स'मध्ये प्रसिद्ध झाली. १८१७ च्या 'सिबिलाइन लीव्ह्ज'मध्ये ती पुन्हा छापताना त्याने तिच्या समासात गद्य टिपणे घातली. ही टिपणे वर्तमानकाळात, तृतीय पुरुषात आणि मुद्दाम जुन्या वळणाच्या इंग्रजीत आहेत. त्यांतील आवाज कोलरिजचा मानावा, की त्याने कल्पिलेल्या एखाद्या सतराव्या शतकातील धर्मनिष्ठ विवरणकाराचा, यावर अभ्यासकांत दीर्घ चर्चा झाली आहे. ओवीबद्ध ग्रंथाच्या पोथीत समासात टिपा असाव्यात तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे मूळ आणि टीप दोन्ही एकाच लेखणीतून उतरली आहेत.

हॅरिसचे गीत कवितेशेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट स्पष्ट होते : गीताची शब्दरचना पद्यापेक्षा या समासटिपांच्या कितीतरी अधिक जवळ आहे. नावाड्याने शुभशकुनी पक्षी मारणे, सोबत्यांनी आधी त्याला दोष देणे, धुके निवळताच त्याचे समर्थन करणे आणि अशा रीतीने स्वतःही अपराधात भागीदार होणे, हा सर्व क्रम, त्याची नीतिपर भाषा, वर्तमानकाळ आणि तृतीय पुरुष थेट समासातून आले आहेत. पद्यात खलाशांच्या मतांतराचे नाट्य आहे. 'भागीदारी'चा निर्णय मात्र टिपेतच दिलेला आहे. हॅरिसने जे गायनासाठी घेतले ते मुख्यतः काव्य नसून काव्यावरील टीका आहे.

मग मूळ पद्य कुठे आहे? ते दोन ठिकाणी, कोलरिजच्या शब्दांत, जसेच्या तसे येते. एकदा निश्चल समुद्रावर जहाज अडकल्यावर, आणि एकदा दोनशे खलाशी एकामागून एक कोसळतात तेव्हा. दुसरा उतारा गीताच्या मध्यावरील संथ भागात आहे. तेथे गिटारी जवळपास थांबतात, लाकडाची करकर ऐकू येते, आणि शब्द गायले जात नाहीत, म्हटले जातात. गीताच्या रचनेत यामुळे दोन स्तर तयार होतात. विवरण वेगाने, ताल धरून, गात पुढे जाते. मूळ वचन येते तेव्हा सर्व काही थबकते.

हा घाट मराठी वाचकाला अपरिचित नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगी मूळ पद असते आणि बुवा त्याचे निरूपण करतात. उत्तररंगी आख्यान येते. निरूपणाच्या ओघात मूळ पदाकडे परत येण्याच्या जागा ठरलेल्या असतात, आणि त्या जागी सभेचे अवधान बदलते. येथे प्रभाव सुचवावयाचा नाही, तसा तो असण्याचे कारणही नाही. सुचवावयाचे आहे ते इतकेच की मूळ व विवरण यांचे प्रयोगातील नाते पाहण्यासाठी आपल्याकडे पाश्चात्त्य समीक्षेपेक्षा अधिक तयार अशी दृष्टी आहे. मुद्रित पृष्ठावर कोलरिजने समासाला लहान टंकात बसविले. प्रयोगात हॅरिसने समासाला मध्यभागी आणले आणि मूळ पद्याला दुर्मीळ केले. दुर्मीळ केल्यामुळेच ते मंत्रासारखे ऐकू येते.

तथापि ही केवळ अदलाबदल नाही. गीतातील निवेदक तृतीय पुरुषात बोलत असताना, तहानेचे वर्णन करताना एका क्षणी 'त्यां'च्या जोडीला 'मी' येतो. व्याकरणाच्या दृष्टीने ही चूक वाटेल. समासातील विवरणकार मात्र येथे क्षणभर जहाजावर चढलेला असतो. कोलरिजच्या विवरणकाराला हे कधीच करता आले नाही. तो शेवटपर्यंत किनाऱ्यावर, पोथीच्या कडेला राहिला. टीकाकाराचे सुरक्षित अंतर कोसळण्याचा हा क्षण गीताच्या एकंदर अर्थाला महत्त्वाचे वळण देतो. पुढे, शाप चालूच राहतो हे सांगण्यासाठी जी पुनरुक्तीची शब्दयोजना आधी आली, तीच अखेरीस कथा चालूच राहते हे सांगण्यासाठी येते. शाप आणि कथाकथन यांच्यात भेद उरत नाही. नावाडी मुक्त होतो तो पुन्हा पुन्हा सांगत राहण्याच्या अटीवर, हे कोलरिजमध्ये आहेच. गीत ते तालाच्या आवर्तनातून ऐकवते.

४

एका गीताच्या आधारे संपूर्ण कारकिर्दीचे मूल्यमापन करणे सदोष ठरेल. म्हणून या टीका-पद्धतीचे यश आणि अपयश दोन्ही तपासले पाहिजे.

१९८३ च्या 'द ट्रूपर'मागे क्रिमियन युद्धातील बालाक्लाव्हाची लढाई (१८५४) आणि टेनिसनची त्यावरील कविता आहे. टेनिसनने ती वृत्तपत्रातील वृत्तान्त वाचून, राजकवी या नात्याने, घटनेपासून दूर बसून लिहिली. त्याचा निवेदक सहाशे घोडेस्वारांना 'ते' म्हणतो, त्यांच्या आज्ञाधारकपणाला वंदन करतो आणि त्यांच्या स्मृतीची हमी देऊन थांबतो. हॅरिसने निवेदन त्या सहाशेंपैकी एकाच्या तोंडी दिले. हा स्वार शत्रूला उद्देशून बोलतो, पडतो आणि मरतो, आणि मरताना त्याच्या वाट्याला स्मृती येत नाही. तो एकटा आहे, विसरला गेलेला आहे. राजकवीने दिलेली हमी प्रत्यक्ष ज्याला दिली त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही, ही टेनिसनवरील टीका आहे, आणि ती केवळ निवेदनस्थान बदलून साधली आहे.

छंदाच्या पातळीवरही येथे एक संवाद आहे. टेनिसनच्या ओळींचा पाया गुरु-लघु-लघु असा आहे. आपल्या परिभाषेत ही 'भ' गणाची आवर्तने होत, आणि त्यांतून घोड्यांच्या टापांचा भास निर्माण होतो. 'आयर्न मेडन'ची ओळख बनलेली बेस-गिटारवरील दौड हीदेखील एक दीर्घ व दोन ऱ्हस्व आघातांची आहे. म्हणजे गीताने टेनिसनचे शब्द टाकले, दृष्टिकोन उलटा केला, परंतु गण राखला. राखला तोही शब्दांतून काढून वाद्याकडे सोपविला. स्वार कोसळल्यावरही टापा चालूच राहतात. व्यक्तीच्या मृत्यूची पर्वा न करणारी युद्धाची यंत्रणा शब्दांत कोठे सांगितलेली नाही, ती तालात आहे.

'द ट्रूपर'च्या प्रयोगात मात्र डिकिन्सन लाल लष्करी डगला घालून ब्रिटिश ध्वज फडकावीत असतो. शब्द विस्मृत सैनिकाचे, दृश्य साम्राज्याच्या वैभवाचे! या विसंगतीत विडंबन आहे असे म्हणून तिचे समर्थन करता येईल, आणि ध्वजाला मिळणारा प्रतिसाद विडंबनाला मिळणारा नसतो, असे म्हणून ते खोडूनही काढता येईल. प्रस्तुत लेखकास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. संहितेने जे उलथविले ते रंगभूमीने पुन्हा सरळ उभे केले आहे. प्रयोगाला संहितेचा केवळ वाहक मानणाऱ्या समीक्षेच्या नजरेतून हा व्यवहार निसटेल.

अपयशाचे उदाहरण १९८६ च्या 'द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर'चे. सिलिटोच्या १९५९ च्या कथेतील सुधारगृहातील मुलगा शर्यत सहज जिंकू शकत असतो. विजयाच्या रेषेपूर्वी तो मुद्दाम थांबतो, कारण त्याचा विजय हा सुधारगृहाच्या प्रमुखाचा विजय ठरणार असतो. हरणे हा त्याचा वर्गीय निर्णय आहे. गीतात धावणे आहे, दमछाक आहे, कोणत्याही किमतीला जिंकण्याची जिद्द आहे. अखेरीस शर्यत सोडून देण्याची इच्छाही ओझरती येते. परंतु ती येते थकव्यातून आणि निरर्थकतेच्या भावनेतून. नकाराची जागा नैराश्याने घेतली आहे. लंडनच्या कष्टकरी पूर्वभागात जन्मलेल्या बँडने कष्टकरी वर्गाच्या बंडखोरीवरील कथेतून नेमके बंडच गाळावे, ही बाब विचार करायला लावणारी आहे. वर्गीय मूळ असणे आणि वर्गीय दृष्टी असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडील दलित व ग्रामीण साहित्याच्या चर्चेत अनेकदा सांगितले गेले आहे. येथेही तेच म्हणावे लागते.

त्याच ध्वनिमुद्रिकेतील 'अलेक्झांडर द ग्रेट' हे याहून निस्तेज गीत. त्यात सिकंदराचे चरित्र इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे क्रमाने येते, आणि निवेदक कोठेच उभा नाही. टीका ही माहितीत विरून गेली की गीताला केवळ वाद्यांचा आधार उरतो. २०२३ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, हे गीत मंचावर सादर झाले नव्हते. श्रोत्यांत त्याविषयी जे कुतूहल साठले त्याचा उगम गीताच्या गुणात कमी आणि त्याच्या अनुपस्थितीत अधिक होता.

या तिन्ही उदाहरणांवरून एक निकष हाती येतो. ही गीते मूळ कृतीशी एकनिष्ठ आहेत किंवा नाहीत, यावर त्यांचे यश अवलंबून नाही. गीत मूळ कृतीतील बोलण्याची जागा हलविते का, यावर ते अवलंबून आहे. 'मरिनर'मध्ये समास मध्यभागी येतो, 'ट्रूपर'मध्ये 'ते'चा 'मी' होतो. धावपटूच्या गीतात जागा हलत नाही, फक्त आशय पातळ होतो. अडोर्नोचा प्रमाणीकरणाचा आक्षेप या तिसऱ्या प्रकाराला पूर्णपणे लागू पडतो. पहिल्या दोहोंना तो लागू करणे कठीण आहे, कारण तेथे साचाच, म्हणजे ती दौड आणि ती पुनरुक्ती, अर्थ निर्माण करीत आहे.

उसनवारीची दुसरी, कमी सुखद बाजूही आहे. १९८२ च्या 'हॅलोड बी दाय नेम' या गीतातील काही ओळींचे 'बेकेट' या ब्रिटिश बँडच्या १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेतील एका गीताशी साम्य असल्याचा वाद २०१७ मध्ये न्यायालयात गेला आणि पुढे तडजोडीने मिटला. कोलरिजच्या ओळी उघडपणे घेणे हा परंपरेशी संवाद ठरतो, आणि अल्पख्यात समकालीनाच्या ओळी न सांगता येणे हा वाद ठरतो. आंतरसंहितात्मकतेचा सिद्धान्त सर्व संहितांना एकाच जाळ्यातील धागे मानतो. व्यवहारात मात्र काही धाग्यांवर मालकी असते, आणि काहींच्या मालकाकडे ती बजावण्याची ताकद नसते. हा भेद सिद्धान्ताने झाकून ठेवू नये.

५

आता पुनरुक्तीचा प्रश्न. एडवर्ड सैदने मरणोत्तर, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उत्तरकालीन शैलीचा विचार केला. उतारवयातील कला परिपक्व, समेट साधणारी असते, ही रूढ समजूत त्याने नाकारली. ज्यांत विसंगती मिटत नाहीत, अशा हट्टी कृतींकडे त्याने लक्ष वेधले. 'आयर्न मेडन'च्या उत्तरार्धात हा हट्ट दिसतो. २००६ मध्ये त्यांनी 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' ही युद्ध व धर्म यांवरील नवी ध्वनिमुद्रिका मंचावर संपूर्ण, पहिल्या गीतापासून शेवटच्यापर्यंत वाजविली. जुनी गीते ऐकण्यासाठी आलेल्या श्रोत्यांपैकी अनेकांची त्यामुळे निराशा झाली. २०१५ ची 'द बुक ऑफ सोल्स' आणि २०२१ ची 'सेंजुत्सु' या दोन्ही दुहेरी ध्वनिमुद्रिका आहेत. त्यांतील गीते लांब आणि संथ आहेत, आणि श्रोत्याची सोय पाहणारी नाहीत.

दुसऱ्या बाजूला स्मरणाची बाजारपेठ आहे. २००८ चा प्रवास ऐंशीच्या दशकातील गीतांचा आणि 'पॉवरस्लेव्ह'च्या इजिप्शियन नेपथ्याच्या पुनर्निर्मितीचा होता. त्याचा पहिला प्रयोग १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर झाला, आणि त्यात 'मरिनर' सादर झाले. महाविद्यालयात परीक्षेसाठी वाचलेली कविता त्या मैदानावर वेगळ्या रूपात भेटली, असे तेथील काही श्रोत्यांच्या बाबतीत तरी घडले असणार. पाठ्यपुस्तकातील समासटीप जिला पाठांतरापलीकडे कधी स्थान नव्हते, ती तेथे समूहाने गायली जात होती. पन्नाशीच्या २०२५ च्या प्रवासातही १९८० ते १९९२ या कालखंडातीलच गीते निवडली गेली, आणि त्यांतही 'मरिनर' होते. सत्तरीला पोहोचलेला हॅरिस आपणच अठ्ठाविसाव्या वर्षी बांधलेली, पुन्हा पुन्हा सांगण्याच्या शापाची कथा पुन्हा सांगत होता. नावाड्याला सांगण्यातून मुक्ती मिळते, बाजाराला सांगितल्यातून उत्पन्न मिळते, आणि एकाच प्रयोगात ही दोन्ही सत्ये उपस्थित असतात. त्यांपैकी एकच खरे मानणारी समीक्षा अपुरी ठरेल, मग ती श्रद्धाळू असो वा संशयी.

या उत्तरकाळातील सर्वांत महत्त्वाचे गीत म्हणजे 'द बुक ऑफ सोल्स'मधील 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स'. अठरा मिनिटांचे हे गीत एकट्या डिकिन्सनचे आहे, आणि पियानोवर सुरू होते. स्वतः विमानचालक असलेल्या डिकिन्सनने त्यात 'आर-१०१' या ब्रिटिश हवाई जहाजाच्या अपघाताची कथा सांगितली आहे. हे जहाज ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडमधील कार्डिंग्टनहून निघाले आणि दुसऱ्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळले. चौपन्नांपैकी अठ्ठेचाळीस माणसे मेली. 'मरिनर'प्रमाणेच येथे जहाज आहे, अहंकार आहे आणि सामूहिक मृत्यू आहे. परंतु कोलरिज नाही. जिच्यावर टीका करावी अशी कविता नसल्याने डिकिन्सन थेट घटनेशी भिडतो, आणि स्वप्न पाहणारे मेले तरी स्वप्न उरते, या शोकगीताच्या सुरावर येतो.

येथे मात्र आपल्याला समासात एक टीप लिहिणे भाग आहे. ते जहाज कराचीला निघाले होते. गीतात हिंदुस्थानचा उल्लेख आहे, पण तो निव्वळ गंतव्याचा, उडत्या गालिच्याच्या प्रतिमेतून आलेला. जहाज का निघाले होते, हा प्रश्न गीत विचारीत नाही. साम्राज्याचे दूरचे भाग लंडनशी अधिक वेगाने जोडण्याच्या योजनेचा तो भाग होता. अपघातात मरण पावलेले हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड टॉमसन हे त्या योजनेचे पुरस्कर्ते होते, आणि त्यांचा जन्म नाशिकला, १८७५ साली झाला होता. मुंबई इलाख्यात जन्मलेला साम्राज्याचा मंत्री हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजात जळून मरतो, हा तपशील समोर ठेवला की शीर्षकातील 'एम्पायर' या शब्दाचा अर्थ पालटतो. ढगांचे साम्राज्य हे रूपक राहत नाही. ज्या साम्राज्याला ढगांतून रस्ता हवा होता ते जमिनीवरचे होते, आणि १९३० हे त्या जमिनीवर मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष होते. 'ट्रूपर'मध्ये निवेदनाची जागा हलविणाऱ्या बँडने येथे ती हलविली नाही. गीत शेवटपर्यंत जहाजातच राहते, जहाज जिकडे निघाले होते तिकडून ते कधी पाहत नाही.

ही उणीव दाखविणे म्हणजे गीताची थोरवी नाकारणे नव्हे. टीकेची परंपरा ज्या रीतीने चालते त्याच रीतीने येथे पुढचा हात लागत आहे. कोलरिजने स्वतःच्याच कवितेला समास जोडला. हॅरिसने तो समास गायला. आणि डिकिन्सनच्या गीताचा समास ज्यांच्या दिशेने ते जहाज निघाले होते त्या भूभागातील वाचकांनी लिहावयाचा आहे. लोकप्रिय गीताचा अभ्यास आपल्याकडे 'समाजशास्त्रीय कुतूहल' म्हणून बाजूला ठेवला गेला तर ही जागा रिकामी राहील. रॉबर्ट वॉल्सरसारख्या संगीत-अभ्यासकाने १९९३ मध्येच हेवी मेटलमधील अभिजात संगीताच्या आत्मसात्करणाचा गंभीर विचार केला. साहित्याच्या आत्मसात्करणाचा तसा विचार साहित्याच्या अभ्यासकांनीच केला पाहिजे, आणि टीकेलाच काव्य मानणाऱ्या भाषेतील अभ्यासकांनी तर तो आधी करावयास हवा.